लोकांच्या जमिनीवरची विद्या

इंद्रपुरी, नवी दिल्ली

चि. माऊ हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

राहुरीच्या विद्यापीठाची पदवी घेऊन तू आता एम.एस्सी.साठी दिल्लीला येतेस, तेही पुसाला आणि वनस्पती पैदासशास्त्राला, हे दादानं सांगितलं तेव्हापासून मी आनंदात आहे. वहिनीला दोन काळज्या लागल्या आहेत, मेसचं जेवण आणि दिल्लीची हवा. जेवणाचं मी बघते. हवेबद्दल पुढे लिहिणारच आहे, कारण तिचा तुझ्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे.

घरचे सगळे तुला नाव काढलंस, कुळाचं सोनं केलंस असं म्हणत असतील आणि त्यांनी म्हणावंच. पण तू ज्या संस्थेत पाय ठेवणार आहेस ती कशी उभी राहिली, कुणाच्या पैशावर आणि कशासाठी चालते, तिच्या हातून काय घडलं आणि काय राहून गेलं, हे प्रवेशाच्या कागदांत कुठे लिहिलेलं नसतं. तुझे आतोबा तिथे नोकरीला असल्यामुळे माझा संसार त्या आवारातल्या क्वार्टरमध्ये झाला आणि निवृत्तीनंतरही आम्ही कुंपणालगतच राहिलो. म्हणून हे सांगायचा हक्क मी घेते आहे. परभणी, अकोला, दापोलीहूनही मुलं-मुली इथे येतात. त्यांनीही वाचावं म्हणून हे पत्र मी बंद पाकिटात घालत नाही.

आधी आवाराची ओळख करून देते. भारतीय कृषी संशोधन संस्था असं तिचं पूर्ण नाव असलं तरी दिल्लीत रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे तिला पुसाच म्हणतात. मेट्रोनं पटेल नगर किंवा शादीपूरला उतरायचं. राजेंद्र नगर, इंद्रपुरी, टोडापूर, दसघरा अशा गजबजलेल्या वस्त्यांच्या मधोमध सुमारे ५०० हेक्टर जमीन आहे. जिथे वीतभर जागेसाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो, त्या शहरात इतक्या जमिनीवर प्रयोगशाळा आणि वसतिगृहं आहेत आणि त्यांच्या शेजारी गहू, मोहरी, हरभरा उभा असतो. राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोही याच आवारात आहे. तिथल्या जीन बँकेत देशभरच्या वाणांचे साडेचार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंशांच्या आसपास जपून ठेवलेले आहेत. आपल्या आजीच्या वेळच्या, आता शेतातून नाहीशा झालेल्या कितीतरी बियाण्यांचा शेवटचा आसरा तोच असेल.

पुसा हे नाव मूळचं बिहारचं. आजच्या समस्तीपूर जिल्ह्यातल्या पुसा गावी १९०५ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत संस्था सुरू झाली. पैशाचा मोठा वाटा हेन्री फिप्स या अमेरिकी दानशूर गृहस्थाच्या तीस हजार पौंडांच्या देणगीतून आला होता. तिथेच अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड या जोडप्यानं हिंदुस्थानी गव्हांतून निवड आणि संकर करत पुसा ४, पुसा १२ अशी वाणं काढली. गॅब्रिएलबाईंचं नाव मुद्दाम ध्यानात ठेव. केंब्रिजला शिकलेल्या या बाईंना १९१३ साली सरकारनं रीतसर वनस्पतिशास्त्रज्ञाचं पद दिलं. तू ज्या विषयाला चालली आहेस त्या विषयात या संस्थेत बाईचा हात पहिल्यापासून आहे.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपात मुख्य इमारत मोडकळीला आली आणि १९३६ साली संस्था दिल्लीला हलली. येताना नावासोबत ग्रंथ आले, आणि बुरशींचे आणि कीटकांचे जपलेले नमुने आले. एडविन बटलर या शास्त्रज्ञानं बिहारमध्ये सुरू केलेला बुरशीजन्य रोगांचा तो संग्रह आजही इथे आहे. वाळवलेलं रोगट पान, कागदाचं पाकीट, वर गावाचं नाव आणि तारीख. वेळ काढून ते एकदा बघून ये. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी शेतात पडलेला रोग कुणीतरी नीट टिपून ठेवला, म्हणून आजचा विद्यार्थी त्याच्याशी आजचा रोग ताडून पाहू शकतो.

आता विद्यापीठाची गोष्ट. त्यासाठी जरा अमेरिकेला जावं लागेल. तिथे यादवी युद्ध पेटलेलं असताना, २ जुलै १८६२ रोजी अब्राहम लिंकननं मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधल्या दर प्रतिनिधीमागे आणि सिनेटरमागे तीस हजार एकर सरकारी जमीन द्यायची, ती विकून येणाऱ्या पैशातून महाविद्यालय काढायचं आणि तिथे शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांना शेती आणि यंत्रविद्या शिकवायची. हीच लँड ग्रँट विद्यापीठं. १८८७ च्या हॅच कायद्यानं त्यांना प्रयोगकेंद्रं जोडून दिली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं विस्तारसेवा, म्हणजे विद्यापीठानं शेताच्या बांधावर जाण्याची जबाबदारी. शिकवणं, शोधणं आणि बांधावर पोचवणं ही तिन्ही कामं एकाच छताखाली आली. या कहाणीची काळी बाजूही तू जाणून असावीस. वाटलेली एक कोटी एकरांहून अधिक जमीन तिथल्या मूळ रहिवासी जमातींकडून बळानं किंवा कवडीमोलानं घेतलेली होती. लोकांच्या नावानं उभ्या राहिलेल्या विद्येचा खर्च कधीकधी भलत्याच लोकांकडून वसूल होतो. हे आपल्याकडेही विसरायचं नाही.

त्याच काळात आपल्याकडे एक माणूस हाच हिशेब सरकारपुढे मांडत होता. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी म्हटलं की, सरकारी तिजोरीत येणारा बहुतेक पैसा रयतेच्या घामाचा असतो आणि शिक्षणावर तो खर्च होतो तेव्हा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. शेतकऱ्याचा असूडमध्ये त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचं शिक्षण द्यावं, पाणी अडवावं असे उपाय सुचवले. तुझ्या पदवीच्या कागदावर त्यांचंच नाव आहे, माऊ. तेव्हा लँड ग्रँटची कल्पना आपल्याला परकी मानू नकोस. शेतकऱ्याच्या पैशाची विद्या शेतकऱ्याकडे परत गेली पाहिजे, हे आपल्या माणसानं आपल्या मातीवर उभं राहून आणि आपल्या कारणांसाठी सांगितलेलं आहे.

स्वातंत्र्यानंतर ही कल्पना इथे रुजली. राधाकृष्णन आयोगानं १९४९ साली ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. पुढे भारत-अमेरिका संयुक्त समित्यांनी लँड ग्रँटच्या धर्तीवर कृषी विद्यापीठं काढावीत असं सुचवलं आणि १९६० साली पंतनगरला पहिलं विद्यापीठ उभं राहिलं. महाराष्ट्रात राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. महाराष्ट्राच्या वाट्याला सहकार्यासाठी पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी आली होती, तीही एक लँड ग्रँट संस्था. अकोल्याला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव देशमुख पंतनगरच्या वेळी दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्री होते. १९५९ च्या हिवाळ्यात त्यांच्या पुढाकारानं दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तिथे आले. विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं जगातली शेती दिल्लीच्या अंगणात आणून मांडली होती.

पुसाला विद्यापीठाचा दर्जा १९५८ साली मिळाला आणि पदव्युत्तर विद्यालय सुरू झालं. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीनं शिक्षणाची घडी अमेरिकी पद्धतीनं बसवली गेली. श्रेयांक, प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सल्लागार समिती, अभ्यासक्रमासोबत स्वतःचं संशोधन, हे सगळं तुला राहुरीत ओळखीचं वाटलं असेल, कारण इथून शिकून गेलेल्या माणसांनी ते देशभरच्या कृषी विद्यापीठांत नेलं. आत्माराम भैरव जोशी यांचंच बघ. विदर्भातला हा आनुवंशशास्त्रज्ञ पुसाचा संचालक झाला आणि पुढे राहुरीचा कुलगुरू.

आता गव्हाकडे वळते, कारण पुसाचं नाव घेतलं की गहू आलाच. १९६६ साली देशानं सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं. बोटीतून उतरलेला लाल गहू रेशनवर आणायला आपल्या आजीनं लावलेल्या रांगा दादाला आठवत असतील. आपल्या देशी गव्हाची अडचण अशी की खत-पाणी वाढवलं की तो उंच व्हायचा आणि ओंबी भरली की लोळायचा. उपाय बुटक्या गव्हात होता आणि त्याचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. जपानच्या नोरिन १० या बुटक्या वाणाचं बी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलं. वॉशिंग्टन स्टेट या लँड ग्रँट संस्थेत काम करणाऱ्या ऑर्व्हिल व्होगेलनं त्यापासून नवे संकर केले. ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉगच्या हाती पडले. बोरलॉगही मिनेसोटा या लँड ग्रँट विद्यापीठात शिकलेला. पुसातल्या एम. एस. स्वामिनाथन यांना या बियाण्याचं महत्त्व कळलं आणि १९६३ साली बोरलॉग भारतात आला. वाटेत कुणी एकानं मुठी आवळल्या असत्या तर हे बी इथवर पोचलं नसतं.

बी आलं म्हणून काम झालं नाही. मेक्सिकोच्या गव्हाचा दाणा लाल होता आणि पोळी-रोटी खाणाऱ्याला सोनेरी दाणा हवा होता. पुसा आणि लुधियाना इथल्या पैदासकारांनी मेक्सिकोहून आलेल्या साहित्यातून निवड करून पिवळसर दाण्याची वाणं काढली. एकाच साहित्यातून लुधियानात कल्याण निघालं, पुसात सोना निघालं आणि पुढे दोन्ही मिळून कल्याणसोना झालं. पुसात गॅमा किरणांनी दाण्याचा रंग बदलून शरबती सोनोरा तयार झालं. दिल्लीच्या वायव्य टोकाला, हरियाणाच्या सीमेजवळ जौंती नावाचं गाव आहे. तिथे १९६४ पासून पुसाच्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना बियाणं करायला शिकवलं आणि गाव बीजग्राम झालं. प्रात्यक्षिकांसाठी छोट्या शेतकऱ्यांची शेतं घ्यायची, हा स्वामिनाथन यांचा आग्रह होता. मोठ्या बागायतदाराकडे पीक आलं तर लोक ते पैशाचं बळ म्हणतील, गरिबाच्या वावरात आलं तर बियाण्याला मानतील. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बी आलं. १९६४-६५ मध्ये देशाचा गहू १ कोटी २० लाख टनांच्या आसपास होता, तो १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. त्या वर्षी इंदिरा गांधींनी गहू क्रांतीचं टपाल तिकीट काढलं, त्यावर पुसाच्या ग्रंथालयाची इमारत आहे. त्याच ग्रंथालयात तू आता अभ्यासाला बसशील.

या मोठ्या आकड्यांच्या मुळाशी जे काम असतं ते फार बारीक असतं. फेब्रुवारीत दिल्लीची थंडी ओसरू लागली की गव्हाच्या संकराचा हंगाम येतो. सकाळी दव सुकलं की माणसं चिमटा, कात्री, पिशव्या घेऊन वाफ्यात बसतात. नुकती बाहेर पडलेली ओंबी धरायची. वरची, खालची आणि मधली नको असलेली फुलं काढून टाकायची, उरलेल्यांच्या तुसांची टोकं कात्रीनं छाटायची. प्रत्येक फुलात तीन पुंकेसर असतात. ते हिरवे असतानाच चिमट्यानं अलगद काढायचे. एक राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण गहू आपलं आपणच फळतो. मग ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवायची, चिठ्ठीवर तारीख आणि मादी वाणाचं नाव लिहायचं. दोन-तीन दिवसांनी आतले केसाळ स्त्रीकेसर उमलले की दुसऱ्या वाणाचे पिवळे, पिकलेले पुंकेसर आणून परागण करायचं. एका ओंबीतून मूठभरही दाणे मिळत नाहीत. त्या दाण्यांपासून पिढ्यामागून पिढ्या निवड करत, तांबेरा रोगाच्या परीक्षेत उभं करून, देशभरच्या चाचण्या पार करत वाण शेतकऱ्याच्या हाती यायला दहा-बारा वर्षं लागतात. हे काम वर्षानुवर्षं करणारे मजूर तिथे आहेत. त्यांच्या बोटांना जे कळतं ते पुस्तकात सापडणार नाही. पहिल्या हंगामात त्यांच्या शेजारी बस आणि त्यांच्याकडून शीक.

तांबेऱ्यावरून सांगते. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात तू तांबेरा पाहिला आहेस. आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं होतं की, आपल्या मैदानातल्या कडक उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही, तो डोंगरांत तग धरतो आणि पुढच्या हंगामात वाऱ्यावर परत येतो. दख्खनच्या गव्हावर खोडाचा तांबेरा येतो तो निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून. म्हणून पुसाचं एक केंद्र निलगिरीत वेलिंग्टनला आहे, रोगाशी त्याच्या माहेरी गाठ घालायला. दिल्लीत बसलेली संस्था निफाडच्या गव्हासाठी तमिळनाडूच्या डोंगरात पहारा देते. एका राज्याला किंवा एका कंपनीला हे परवडणारं नाही आणि सुचणारंही नाही.

पण माऊ, या पत्राचं खरं कारण एक भेंडी आहे. पुसा सावनी हे नाव दादाच्या पिढीतल्या प्रत्येक माळव्याच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या, ज्याला आपण केवडा म्हणतो, त्या रोगाला तोंड देणारं वाण म्हणून हरभजन सिंग यांनी ते पुसात तयार केलं आणि ते देशभर पसरलं. पुढे त्याची ताकद ओसरली, केवडा त्यालाही धरू लागला. तेव्हा परभणीच्या विद्यापीठातल्या पैदासकारांनी हीच पुसा सावनी घेतली, तिचा भेंडीच्या एका रानटी नातेवाइकाशी संकर केला, पुन्हा पुन्हा पुसा सावनीकडे वळवला आणि त्यातून रोगाला टिकणारी परभणी क्रांती आली. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मला ती कल्याणसोनाइतकीच मोलाची वाटते. दिल्लीचं वाण थकलं तिथून मराठवाड्यानं काम पुढे नेलं. पुसा सावनी लोकांची होती म्हणून परभणीला कुणाची परवानगी मागत बसावं लागलं नाही. वाणं थकतात, रोग बदलतो, पाऊस बदलतो. म्हणून सार्वजनिक संस्थेचं काम एकदा करून संपत नाही आणि एका गावी राहून पुरंही होत नाही.

आता दिल्लीच्या हवेबद्दल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तू आवारातून चालशील तेव्हा घसा खवखवेल. त्या धुराला वाहनं, कारखाने, बांधकामं सगळी जबाबदार आहेत, पण त्यात पंजाब-हरियाणातल्या भाताच्या पेंढ्याचाही वाटा असतो. हा पेंढा का जळतो ते नीट समजून घे. हरितक्रांतीनं त्या मैदानाला गहू आणि भात या दोनच पिकांच्या चक्रात बसवलं. भातानं भूजल उपसलं. पाणी वाचवण्यासाठी दोन्ही राज्यांनी २००९ साली कायदा करून भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. त्यामुळे कापणी उशिरा होऊ लागली, गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले आणि यंत्रानं कापलेल्या भाताचा पेंढा शेतकरी काडी लावून मोकळा करू लागला. इथे कुणी वाईट नाही. एका चांगल्या उपायातून दुसरी अडचण आणि तिच्या उपायातून तिसरी, अशी ही साखळी आहे आणि तिची पहिली कडी पुसाच्या वाफ्यात घडली होती.

त्याच आवारात आज क्रीम्स नावाची प्रयोगशाळा आहे, ती उपग्रहाच्या मदतीनं रोज कोणत्या जिल्ह्यात किती शेतं पेटली ते मोजते. कमी पाण्याची, लवकर येणारी वाणं काढण्याचं कामही इथेच चालतं. पुसा बासमती ११२१ चा दाणा शिजल्यावर दोन सेंटिमीटरच्या वर जातो. परदेशी जाणाऱ्या आपल्या बासमतीत पुसाच्या वाणांचा वाटा सिंहाचा आहे. पण ११२१ ला तयार व्हायला साडेचार महिन्यांहून जास्त लागतात. २०१३ साली आलेलं १५०९ चार महिन्यांच्या आत काढणीला येतं. तेवढ्यानं पाण्याच्या पाळ्या वाचतात आणि गव्हासाठी शेत वेळेवर रिकामं होतं. त्यानंतर आलेली १९७९ आणि १९८५ ही वाणं चिखलणी न करता थेट पेरण्यासाठी आहेत. पेंढा कुजवणारं बुरशीचं मिश्रणही पुसानं काढलं, पण त्याला तीनएक आठवडे लागतात आणि घाईतल्या शेतकऱ्याकडे तेवढे नसतात. संस्थेनं स्वतःच्या यशाचे परिणाम अंगावर घ्यावेत आणि त्यावर पुन्हा कामाला लागावं, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे असं मी मानते. तू इथे हा गुण उचल.

आणि जे इथे मिळणार नाही तेही सांगते. पुसाचा दबदबा ओलिताच्या शेतीवर उभा आहे. आपला महाराष्ट्र बहुतांशी कोरडवाहू. संकरित ज्वारीनं, १९६४ च्या सीएसएच १ पासून, आपल्याला दुष्काळात तारलं, पण आज रब्बी ज्वारीचं क्षेत्र आटत चाललं आहे आणि तूर, हरभरा पावसाच्या लहरीवर आहेत. नानाजी देशमुखांच्या नावाचं एक केंद्र २०१७ पासून पुसात आहे. तिथे कुंड्या सरकत्या पट्ट्यावरून कॅमेऱ्यांपुढे जातात आणि कोणतं रोप तहान किती सोसतं हे रोप न उपटता मोजता येतं. नानाजी हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. त्यांच्या नावाच्या केंद्रात एक दिवस मालदांडी ज्वारीची रोपं त्या पट्ट्यावरून फिरताना पाहायची माझी फार इच्छा आहे. यंत्र दिल्लीत आहे, प्रश्न आपल्या शिवारात आहे. दोघांची गाठ घालणारं माणूस हवं आणि तुझ्यासारख्या मुली पुसाला येतात तेव्हा माझी आशा वाढते.

आल्यावर पहिल्या महिन्यात काही गोष्टी जरूर कर. कृषी कुंज वसाहतीचं सांडपाणी आवारात जिथे शुद्ध होतं ते पाहून ये. खडीच्या वाफ्यांत लावलेली पाणकणसं रोज सुमारे २२ लाख लिटर पाणी स्वच्छ करतात आणि ते शेताला जातं. गुरुग्राममधल्या शिकोहपूरला पुसाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. चहूकडून टोलेजंग इमारतींनी घेरलेल्या भागात उरलेला शेतकरी काय विचारतो ते तिथे ऐक. वसंतात भरणाऱ्या कृषी विज्ञान मेळ्यात स्टॉलच्या मागे उभी राहू नकोस, बियाण्यासाठी लागलेल्या रांगेत उभी राहा. हरियाणा आणि उत्तर प्रदेशातून पहाटेच निघून आलेली माणसं काय बोलतात ते तिथेच कळतं. मराठी ऐकायला कान आसुसले तर पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे आणि आत्याचं घर तर कुंपणापलीकडेच आहे.

तुझ्या शिक्षणावर सरकार जो पैसा खर्च करेल त्यात काडेपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळ्यांवरचा कर असतो. जो मजूर कधी शाळेत गेला नाही त्यानंही तुझी शिष्यवृत्ती भरलेली आहे. हे ओझं वाटून घेऊ नकोस, पण विसरूही नकोस. पुढे तू सरकारी संस्थेत जाशील, बियाण्याच्या कंपनीत जाशील किंवा परदेशी जाशील. कुठेही गेलीस तरी तू काढलेलं वाण, मोजलेला आकडा, लिहिलेला निष्कर्ष दुसऱ्या पैदासकाराच्या हाती कसा पोचेल, हे पाहत जा. परभणीनं जे पुसा सावनीचं केलं ते कुणालातरी तुझ्या कामाचं करता आलं पाहिजे.

शेवटची गोष्ट सांगते आणि ही मात्र विनंती नाही, आत्याचा हुकूम आहे. पहिल्या वर्षी सल्लागार समिती बसेल आणि प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ येईल. मार्गदर्शक सांगतील ते ऐक, प्रयोगशाळेत काय सोय आहे तेही बघ. पण कागदावर विषय लिहिण्याआधी दादाला फोन कर, आपल्या शिवारातल्या आणखी चार शेतकऱ्यांशी बोल, त्यांत एखादी एकटीनं शेती करणारी बाई असू दे. दरवर्षी सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं, हे त्यांना विचार आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून काढ. मग तो कागद घेऊन समितीपुढे जा आणि यातलं कोणतं काम पुसाच्या वाफ्यात होऊ शकेल, असं सरळ विचार.

तुझी,
आत्या